नी-ओलेसुंडची समुद्री फायबर: रिपीटरशिवाय २५० किमी कशी चालते, आणि बिघडली तर कशी सापडते?

खारा वारा

भारताच्या हिमाद्री स्टेशनमुळे आर्क्टिकमधलं नी-ओलेसुंड हे नाव गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राशी संबंध असलेल्यांना पाठ आहे. तिथलं इंटरनेट कुठून येतं असं विचारलं की मात्र बरेच जण अजूनही सॅटेलाइट म्हणतात. मला जमलेली माहिती अशी: नॉर्वेच्या मुख्य भूमीवरून स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरब्येनपर्यंत दोन केबल २००४ पासून चालू आहेत, साधारण १,३७५ आणि १,३३९ किमी, प्रत्येकीत २० रिपीटर (विरत जाणारा उजेड वाढवणारी समुद्रातली यंत्रं). तिथून पुढे नी-ओलेसुंडपर्यंत २०१५ मध्ये आणखी दोन केबल सुरू झाल्या, प्रत्येकी सुमारे २५० किमी. या दोन्हींत रिपीटर नाही.

माझं घोडं पुढच्या गोष्टींवर पेंड खातंय. मधे काही न लावता २५० किमीपलीकडे उजेड वाचण्याइतका उरतो कसा? रिपीटरवाल्या केबलला समुद्रात वीज कशी पोचते, आणि ती वीज गेली म्हणजे नेमकं काय होतं? बर्फाचा धोका उथळ पाण्यातच असणार, म्हणजे खोल पाण्यात केबल निर्धास्त, हे बरोबर आहे का? तुटल्यावर ओटीडीआर (फायबरमध्ये उजेडाची पल्स सोडून परत येणारा उजेड मोजणारं यंत्र) लावला की मीटरमध्ये जागा कळते, मग दुरुस्तीला महिने का लागतात? बारमाही गोठलेल्या जमिनीतून केबल वर कशी आणतात? आणि शेवटचा, जरा घरगुती: तिकडे एवढी फायबर असताना गोव्यात बसून फाइल ओढली की वेग दोन-तीन मेगाबिटच का दिसतो?

तांबडी पिगटेल

पहिल्याचं उत्तर हिशेबात आहे, तर हिशेबच मांडतो. खालचे आकडे याच केबलच्या कागदांवरून घेतलेले नाहीत. एवढ्या लांबीची बिनरिपीटरची कुठलीही केबल आखताना असेच धरतात.

रस्त्याकडेला पुरतात ती साधी फायबर १५५० नॅनोमीटरला किमीमागे सुमारे ०.२० डीबी खाते (दर १० डीबीला उजेड दहावा भाग उरतो). २५० किमीला ५० डीबी. शुद्ध सिलिकाच्या गाभ्याची समुद्री फायबर ०.१६ ते ०.१७ वर येते. ०.१७ धरलं तर ४२.५ डीबी. हा साडेसात डीबीचा फरक किरकोळ वाटतो, पण पलीकडे पोचणारा उजेड त्याने साडेपाच पट होतो. अर्धी लढाई फायबर निवडतानाच जिंकलेली असते.

आता वरखर्च. दोन्ही टोकांची जमिनीवरची केबल, पॅनेल आणि कनेक्टर मिळून १.५ डीबी. पुढच्या पंचवीस वर्षांतल्या दुरुस्त्यांसाठी राखीव: ३०० मीटर खोलीवर एक दुरुस्ती म्हणजे साधारण एक किमी जास्तीची केबल आणि दोन जॉइंट, म्हणजे ०.३ डीबी, पाच दुरुस्त्या धरा, १.५. वयामुळे अर्धा डीबी. बेरीज ४६. जेवढा उजेड सोडला त्याचा चाळीस हजारावा भाग पलीकडे पोचतो.

एका चॅनेलला +१० डीबीएम म्हणजे १० मिलिवॉट सोडले, तर पलीकडे −३६ डीबीएम. तिथे ५ डीबी नॉइज फिगरचा (म्हणजे तेवढा गोंगाट स्वतः मिसळणारा) साधा अर्बियम अँप्लिफायर लावला तर ओएसएनआर, म्हणजे सिग्नल आणि गोंगाटाचं गुणोत्तर, येतो (५८ हा सूत्रातला ठरावीक आकडा) ५८ − ३६ − ५ = १७ डीबी. १०० गिगाबिटच्या क्यूपीएसके पद्धतीच्या सिग्नलला १३ च्या आसपास पुरतो. कागदावर पास, हातात ४ डीबी. पण कुठे एक वाकडा बेंड आला, एक जॉइंट खराब बसला, की ते चार डीबी बघता बघता उडतात. सोडतानाच जास्त पॉवर का देत नाही? कारण १० मिलिवॉटच्या फार पुढे गेलं की काचेचा अपवर्तनांकच उजेडाच्या जोराने डुलायला लागतो आणि सिग्नल स्वतःलाच विस्कटतो. आवाज वाढवून स्पीकर फाटावा तसं.

म्हणून रामन, म्हणजे फायबरमध्येच उजेड वाढवण्याची पद्धत. घेणाऱ्या टोकाकडून, सिग्नलच्या उलट दिशेने, १४५५ नॅनोमीटरच्या आसपासचा सुमारे एक वॉटचा पंप (जोरदार लेझर) त्याच फायबरमध्ये सोडतात. शेवटचे साठ-ऐंशी किमी फायबरच अँप्लिफायर बनते. सिग्नल पार गाळात जाण्याआधीच उचलला जात असल्याने परिणामी नॉइज फिगर शून्याच्याही खाली, −१ च्या आसपास निघते. ओएसएनआर १७ चा २३ झाला. सगळी इलेक्ट्रॉनिक्स किनाऱ्यावरच्या खोलीत राहिली, समुद्रात फक्त काच आणि पोलाद. (अंतर ३०० किमीच्या पुढे गेलं की किनाऱ्यापासून शंभरेक किमीवर अर्बियम फायबरचा तुकडा जॉइंटमध्ये ठेवून त्याला उजेडानेच पंप करतात. २५० ला बहुधा गरज नाही.)

यात खरी गोम समुद्रात नसून पॅनेलवर आहे. गाभा जेमतेम दहा मायक्रॉनचा. त्यातून एक वॉट जातो म्हणजे चौरस सेंटिमीटरला मेगावॉटच्या वर घनता. फेरूलच्या (कनेक्टरच्या टोकाच्या) तोंडावर बोटाचा तेलकट डाग असेल तर तो तिथेच जळतो, काचेला खड्डा पडतो. वाईटात वाईट म्हणजे ती जळण गाभ्यातून पंपाच्या दिशेने उलटी मागे धावते आणि फायबरचा तेवढा तुकडा बाद. म्हणून रामनचं आउटपुट पॅनेलवर कनेक्टरने न जोडता थेट स्प्लाइस करावं (काच वितळवून जोडावं). जिथे कनेक्टर टाळता येत नाही तिथे आधी पंप बंद, मग उघडा, ४०० पट मायक्रोस्कोपने दोन्ही तोंडं पाहा, कोरडं पुसा, पुन्हा पाहा, मगच जोडा. "नवीन पॅचकॉर्ड आहे, स्वच्छच असणार" या वाक्याने जितके पोर्ट जळालेत तितके विजेने जळाले नसतील.

मुख्य भूमीच्या केबलचं गणित वेगळं. १,३७५ किमीत २० रिपीटर म्हणजे दर ६५ किमीला एक, मधे जेमतेम १३ डीबी. तिथे काच निवांत असते, डोकेदुखी विजेची. ते गलबत यांनी सांगावं.

गलबत

सांगतो. केबलच्या पोटात फायबरची नळी, तिच्याभोवती पोलादी तारा, त्यावर तांब्याचं वेष्टन, त्यावर पॉलिथिन. तांबं एकच, परतीची वाट समुद्र. किनाऱ्यावरचं यंत्र ठरावीक करंट सोडतं, साधारण एक अँपिअर डीसी, आणि रिपीटर एकामागोमाग एक माळेसारखे ओवलेले असतात. तांब्याचा रोध किमीला सुमारे एक ओहम धरा, रिपीटरमागे ४० व्होल्ट धरा: १,३७५ + ८०० म्हणजे २,२०० व्होल्टच्या आत-बाहेर. दोन्ही टोकांनी निम्मा भार उचलायचा, एका बाजूने अधिक ११००, दुसरीकडून उणे ११००, मधे कुठेतरी शून्य.

आता पॉलिथिन खरवडलं गेलं आणि तांबं पाण्याला लागलं. यालाच शंट फॉल्ट म्हणतात. फायबर शाबूत, पण ती जागा आता शून्य व्होल्टची. एका टोकापासून १८० किमीवर असं झालं तर जवळच्या यंत्राला १८० अधिक दोन रिपीटरचे ८०, म्हणजे २६० व्होल्टच पुरतात. उरलेले १,९०० पलीकडच्याला एकट्याने उचलावे लागतात. म्हणून दोन्ही टोकांची यंत्रं सबंध केबल एकट्याने पेलतील अशीच घेतात. दोन्हींचे व्होल्टेज वाचले की जागेचा पहिला अंदाज खुर्चीत बसून येतो. मात्र उघड्या तांब्यातून करंट पाण्यात निघत असेल तर तांबं झिजत जातं, आणि आज शंट असलेली केबल उद्या अख्खी तुटलेली असू शकते. त्या जागी तांबं ऋण बाजूला राहील अशी ध्रुवता ठेवली तर झीज आटोक्यात राहते.

"खोल पाण्यात निर्धास्त" हे डोक्यातून काढा. ७ जानेवारी २०२२ ला स्वालबार्डच्या दोनपैकी एका केबलमध्ये बिघाड झाला. जागा लाँगयिअरब्येनपासून १३० ते २३० किमीच्या पट्ट्यात, जिथे समुद्रतळ ३०० मीटरवरून २,७०० मीटरपर्यंत कोसळतो. तिथे बर्फाचा काही संबंध नव्हता. पोलिसांनी मानवी हालचालीमुळे झालं असावं असं म्हटलं, पुरावा पुरला नाही, प्रकरण बंद झालं. सगळी वाहतूक दुसऱ्या केबलवर चालत राहिली. मुद्दा असा की खंडमंचाच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ तळाच्या) कडेला मासळी दाट असते, आणि ट्रॉलरच्या जाळ्याची जड लोखंडी दारं तळ खरवडतच चालतात. उथळ भागात केबल नांगराने दीड-दोन मीटर खाली पुरता येते. तीव्र उतारावर आणि खडकाळ तळावर नांगर उचलला जातो आणि केबल उघडीच पडून राहते. ट्रॉलर जिथे वावरतो आणि नांगर जिथे हरतो, त्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पहिली लाल खूण करा.

बर्फ म्हणाल तर तो अलास्काच्या उत्तरेला खरा. तिथल्या क्विंटिलियन कंपनीच्या केबलला जून २०२३ मध्ये ऑलिक्टॉक पॉइंटच्या उत्तरेला सुमारे ५५ किमीवर, २७ मीटरच्या आसपास खोलीत, बर्फाने तळ नांगरताना तोडलं. जोडायला सप्टेंबर उजाडला. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा तसंच. वाऱ्याने बर्फाचे तक्ते एकमेकांवर चढतात, उंचवटा जितका वर दिसतो त्याच्या कितीतरी पट खाली बुडालेला असतो, आणि तो रेटा तळात चर पाडत जातो. चर केबलपेक्षा उथळ असला तरी भागत नाही. वरचा गाळ दाबला जाताना खालचा गाळही सरकतो आणि केबल ताणली जाते. पुरण्याची खोली ठरवताना चराच्या खोलीत ही सरकही मिळवावी लागते. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याला अटलांटिकचं कोमट पाणी लागतं, त्यामुळे तिथे असला रेटा फारसा नसतो. कोंग्सफ्योर्डमध्ये क्रोनेब्रीनसारख्या हिमनद्यांचे तुकडे तरंगतात खरे, पण त्यांची झळ मुख्यतः उथळ किनाऱ्याला.

ओटीडीआर आणि मीटर. एक मायक्रोसेकंद म्हणजे फायबरचे १०२ मीटर. २५० किमी पाहायला पल्स २० मायक्रोसेकंदांची लागते, म्हणजे दोन किमीचा ठोकळा. आणि पल्स जाऊन यायला अडीच मिलिसेकंद लागत असल्याने सेकंदाला चारशेच्या वर पल्स सोडताच येत नाहीत, सरासरी घ्यायला वेळ जातो. ४५-५० डीबी रेंजचं यंत्रही शेवटच्या टप्प्यात कुजबुजायला लागतं, म्हणून दोन्ही टोकांवरून मोजायचं. अपवर्तनांक १.४६८ ऐवजी १.४६५ टाकला तर १५० किमीवर ३०० मीटर चूक. त्यात यंत्र सांगतं ती फायबरची लांबी. फायबर केबलपेक्षा किंचित लांब असते, आणि केबल नकाशावरच्या रेषेपेक्षा दोन-तीन टक्के लांब, कारण ती सैल सोडलेली असते. १५० किमीला तीन टक्के म्हणजे साडेचार किमी! म्हणून उत्तर नकाशावर मोजपट्टीने लावायचं नसतं. टाकताना बनवलेली आरपीएल, म्हणजे कुठल्या अक्षांश-रेखांशाला केबलचा कितवा मीटर पडला त्याची यादी, तिच्यात शोधायचं. प्रत्येक दुरुस्तीनंतर ही यादी बदलते. ती न बदलणारा माणूस पुढच्या दुरुस्तीवाल्याचा वैरी.

जहाज पोचल्यावर किनाऱ्यावरून तांब्यात २५ हर्ट्झचा टोन सोडतात आणि तळाशी फिरणाऱ्या यंत्राला तो जिथे विरतो ती जागा धरतात. मग दुरुस्ती: फॉल्टजवळ कापणारा गळ ओढून केबल तोडायची, एक टोक वर काढून किनाऱ्याकडे तपासायचं, चांगलं निघालं की सील करून बोयाला बांधायचं, दुसरं टोक वर काढायचं, खराब तुकडा कापत चांगल्या केबलपर्यंत जायचं, राखीव केबल जोडायची, ती सोडत बोयापाशी परत यायचं, शेवटचा जॉइंट करायचा आणि तो लूप तळावर आडवा टाकायचा. एका जॉइंटला अर्धा ते एक दिवस: स्प्लाइस, वर पॉलिथिनचं मोल्डिंग, त्याचा एक्स-रे. एवढा वेळ जहाज एका जागी उभं हवं आणि केबल नाकावरून खाली लोंबकळत. सरकता बर्फ आला तर तो केबल घेऊनच जाणार. महिने लागतात ते याच्यासाठी. जागा कळायला दोन दिवस लागतात, पाणी मोकळं व्हायला सहा महिने.

खारा वारा

म्हणजे आर्क्टिकमध्ये खरी कसोटी कडेच्या उतारावर, किनाऱ्यावर तुलनेने सोपं, असं धरू का?

ओहोटी

तसं अजिबात धरू नका. गलबत यांचं खोल पाण्याबद्दल मान्य, पण उतारावरचा फॉल्ट काही वर्षांत एकदा येतो. किनाऱ्यावरचे शेवटचे पाचशे मीटर दरवर्षी थोडा थोडा त्रास देतात, आणि तो त्रास तुटण्याच्या रूपात न येता लॉसच्या रूपात येतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

जमीन खाली बारमाही गोठलेली, वरचा मीटर-दीड मीटरचा थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. गोठताना वरून आणि खालून दोन्हीकडून बर्फ चढत येतो, मधलं पाणी कोंडतं. डक्ट (केबलचा पाइप) या थरात असेल आणि त्यात पाणी शिरलेलं असेल तर बर्फ फायबरला चिमटतो. ओळख सोपी आहे: १३१० नॅनोमीटरला काही दिसत नाही, १५५० ला थोडं, १६२५ ला ठळक. वाकल्यामुळे होणारा लॉस लांब तरंगलांबीला जास्त असतो. घाणेरडा कनेक्टर किंवा वाईट स्प्लाइस सगळीकडे साधारण सारखाच दिसतो. हिवाळ्यात हळूहळू चढणारा आणि जुलैत आपोआप नाहीसा होणारा लॉस दिसला की बीच मॅनहोल (किनाऱ्यावरचा जॉइंटचा खड्डा) उघडून पाहा. उन्हाळ्यात तपासणी करून "सगळं ठीक" लिहिणाऱ्याला हा आयुष्यात सापडायचा नाही. तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करायची. किनाऱ्याचा भाग पाहायला १०० नॅनोसेकंदांची पल्स पुरते, दहा मीटरचा तपशील मिळतो. पण हे मोजमाप डार्क (वाहतूक नसलेल्या) जोडीवर करावं, रामन चालू असलेल्या जोडीवर नव्हे.

उपाय: डक्टची दोन्ही तोंडं जेलने सील, डक्टला समुद्राकडे उतार, मॅनहोल शक्य तितका उंचावर आणि भरलेल्या खडीत. क्लोजर (स्प्लाइसची पेटी) मॅनहोलच्या तळाशी ठेवू नका, भिंतीला वर अडकवा. आर्मरच्या पोलादी तारांचा क्लँप खडकात किंवा गोठलेल्या थरात खोल गेलेल्या पाइलला बांधायचा. वरच्या थरात रोवलेला खांब दर हिवाळ्यात थोडा थोडा वर उचलला जातो आणि उन्हाळ्यात पुरता खाली बसत नाही. पाच वर्षांनी तोच खांब केबलला फासावर चढवतो. किनारा ओलांडायला आडवं ड्रिल करून पाइप टाकतात तेव्हा ड्रिलचा कोमट चिखल बिळाच्या भिंती वितळवतो आणि बीळ ढासळतं, म्हणून तो थंड आणि खारट ठेवावा लागतो. पाइप नसेल तर उथळ पट्ट्यात केबलवर बिडाच्या अर्धगोल पाइपचे तुकडे बोल्टने आवळतात. लाटेने केबल दगडावर घासते त्यापासून बचाव होतो, मोठ्या बर्फापासून नाही.

थंडीतलं स्प्लाइसिंग. बरीच स्प्लाइसिंग मशिनं −१० पर्यंतच चालतात, आणि चालली तरी आर्क बदललेला असतो. तंबूत १०-१५ अंश ठेवा, हीटरचा झोत मशिनवर येऊ देऊ नका, मशिन तासभर मुरू द्या, मग आर्क कॅलिब्रेशन, मग दोन चाचणी स्प्लाइस, आणि मगच खऱ्या फायबरला हात. श्रिंक स्लीव्ह बाहेर काढून लगेच गार हवेत टाकली तर आत बुडबुडा राहतो. पीव्हीसी जॅकेटची केबल −२० ला उलगडली तर तडकते. पॉलिथिनची घ्या आणि ड्रम आदल्या दिवशीच आत आणून ठेवा. फ्लीसचे कपडे आणि खडखडीत कोरडी हवा: स्थिर विजेचा कारखानाच, मनगटाचा पट्टा विसरू नका. बाहेरून आणलेला एसएफपी (स्विचमध्ये खोचायचा फायबर मॉड्यूल) तसाच खोलीत उघडला तर लेन्सवर दव साचतं. बाहेर असतानाच झिपच्या पिशवीत बंद करा, आत आणून दोन-तीन तास तशीच ठेवा, दव पिशवीच्या बाहेरून धरेल. वस्तीबाहेर काम असेल तर माणसांच्या हिशेबात एक अस्वलावर नजर ठेवणारा धरा; त्याला केबल धरायला लावायची नाही, तो फक्त आजूबाजूला बघेल.

पोर्ट २२

शेवटच्या प्रश्नाचा आर्क्टिकशी फार संबंध नाही, अंतराशी आहे. नी-ओलेसुंडहून मुख्य भूमीपर्यंत १,६०० किमीच्या आसपास फायबर, जाऊन-येऊन १६ मिलिसेकंद. तिथून युरोप, मग भूमध्य समुद्र, मुंबई, गोवा. एकूण २०० मिलिसेकंद धरा. टीसीपीची खिडकी (पोच येण्याआधी पाठवता येणारा डेटा) ६४ केबीवर अडकलेली असेल तर दर २०० मिलिसेकंदांना ६४ केबीच जातात, म्हणजे २.६ मेगाबिट. तुम्हाला दिसतोय तो आकडा हाच! एक गिगाबिट भरून वाहायचं तर खिडकी हवी २५ एमबी. दोन्ही टोकांच्या सर्व्हरवर बफरची कमाल मर्यादा त्याच्या दुप्पट ठेवा, विंडो स्केलिंग (खिडकी ६४ केबीपलीकडे नेणारा पर्याय) चालू आहे का पाहा, आणि मधली फायरवॉल तो पर्याय गुपचूप पुसत नाही ना हेही बघा. तसं करणारी जुनी फायरवॉल ही नेहमीची चोर.

खिडकी मोठी करूनही वेग सात-आठ मेगाबिटवर अडला तर पॅकेट गळतायत. दहा हजारांत एक पॅकेट गळलं तरी २०० मिलिसेकंदांवर जुन्या पद्धतीचं टीसीपी ७ मेगाबिटच्या आसपासच राहतं. गळती बहुतेक वेळा समुद्रात नसते, शेवटच्या स्विचवर किंवा मळलेल्या पॅचकॉर्डवर असते. ती सापडेपर्यंत बीबीआर (गळतीला न बिचकणारी टीसीपीची पद्धत) लावा किंवा आठ-दहा समांतर धारा चालवा. हजारो बारीक फाइली असतील तर आधी टार करून एकच फाइल बनवा, नाहीतर प्रत्येक फाइलमागे २०० मिलिसेकंदांचा नमस्कार-चमत्कार होतो. आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला अर्धवट फाइल राखायला सांगा. चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते पडताळणारा आकडा) तिकडेच काढून सोबत पाठवा, आणि इकडे जुळल्याशिवाय तिकडची मूळ प्रत पुसू नका. एक टेराबाइटला एक गिगाबिटवर सव्वादोन तास, तेही आदर्श स्थितीत.

नी-ओलेसुंडची एक खास अट: तिथे भूगणितीय वेधशाळेच्या अँटेना दूरच्या क्वेसारांचे (तेजस्वी आकाशगंगा-गाभ्यांचे) क्षीण रेडिओ सिग्नल ऐकतात, म्हणून २ ते ३२ गिगाहर्ट्झमध्ये २० किमीच्या परिघात रेडिओ-शांतता पाळतात. वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, बिनतारी माउससुद्धा नाही. लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर अडॅप्टर इथूनच दोन न्या, आणि तारेचा माउस. सेन्सर बाहेर लावायचा असेल तर त्याचा वायफाय मॉड्यूल सॉफ्टवेअरने बंद करून समाधान मानू नका, परवानगी विचारताना नुसता मॉड्यूल असणंही सांगावं लागतं. गंमत म्हणजे याच वेधशाळेच्या डेटामुळे तिथे फायबरची निकड होती. नव्या पद्धतीच्या निरीक्षणात ८ गिगाबिट दराने नोंद होते, तासाला ३.६ टेराबाइट. हे सॅटेलाइटवरून कसं पाठवणार? ७९ अंश उत्तरेला भूस्थिर उपग्रह क्षितिजाच्या अडीच अंशही वर येत नाही, आणि दक्षिणेला डोंगर.

लिंक गेली तर काय, हे आधीच ठरवून ठेवा. नी-ओलेसुंडच्या दोन केबल म्हणजे एक गेली तर दुसरी आहे, पण तेव्हा रांगेत तुम्ही शेवटचे असाल. उपकरणाजवळच किमान एका हिवाळ्याचा मूळ डेटा मावेल एवढी डिस्क, दोन प्रतींत, आणि रोजचा सारांश काही एमबींत बसेल असा वेगळा. सारांश आधी जातो, मूळ सवडीने.

खारा वारा

२.६ चा आकडा तंतोतंत जुळला, खिडकी ६४ केबीवरच होती. आता ओहोटी यांनी सांगितलेलं १६२५ चं मोजमाप. डार्क जोडी मागितली तर सहज मिळते का?

तांबडी पिगटेल

रिकामी दिसते म्हणून रिकामी असते असं नाही. २०२० च्या उन्हाळ्यात याच लाँगयिअरब्येन-नी-ओलेसुंड केबलच्या एका फायबरला लाँगयिअरब्येनच्या टोकाला ध्वनी टिपणारं यंत्र जोडून पहिले १२० किमी सुमारे चाळीस दिवस ऐकले, आणि त्यात बलीन देवमाशांचे आवाज सापडले. तीही वाहतुकीच्या भाषेत डार्कच फायबर. तेव्हा आधी केबल चालवणाऱ्यांना लेखी विचारा, वेळ ठरवून घ्या, पलीकडच्या टोकाला फोन लावून कनेक्टर खरंच मोकळा आहे का ते डोळ्यांनी पाहायला सांगा, आणि मगच ओटीडीआरचं बटण दाबा. पलीकडे कुणाचा रिसीव्हर जोडलेला असेल तर तुमच्या पल्सने त्याचा डिटेक्टर जाईल.